चंद्रभानच्या अभ्यासाची इरजिक

अकोला, भाद्रपद शुद्ध दशमी, शके १७८६

तीर्थस्वरूप आत्याबाईंच्या चरणी चंद्रभानाचा नमस्कार.

पत्र मुंबईहून न येता अकोल्याहून आले म्हणून आपण काळजीत पडू नये. कॉलेजातील हजेरीचे दिवस पुरे झाले. आता मार्गशीर्षात युनिव्हर्सिटीची परीक्षा तेवढी उरली. तिचा अभ्यास कोठेही बसून करता येतो, आणि मुंबईची हवा मला मानवत नव्हती, म्हणून इकडे आलो. येथे खुशालरावांची कापसाची वखार आहे. साहेब लोकांशी त्यांचा व्यवहार फार वाढला आहे. त्यांना इंग्रजी पत्रे लिहिणारा माणूस हवा होता. ते काम मी करतो. वखारीच्या मागची खोली राहायला मिळाली आहे. प्रकृती उत्तम आहे. अभ्यास व्यवस्थित चालू आहे. जेवणखाण ठीक आहे. मी अगदी बरा आहे.

पोळ्याला वलगावी येऊ शकलो नाही याची क्षमा असावी. मी अकोल्यास असल्याचे बाबांना तूर्त कळवू नये. आपणास पत्र वाचून दाखवणाऱ्या देवीदास मास्तरांनीही ही गोष्ट आपल्यापाशीच ठेवावी, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
चंद्रभान नत्थुजी


वलगाव, भाद्रपद वद्य तृतीया

चंद्रभान, लेका, औक्षवंत हो.

तुहं पत्र मास्तरनं दोन खेपा वाचून दाखवलं. मी म्हनलं, मास्तर, हे दुसऱ्याच कोनाचं आलं वाटते. मले "आपण" म्हननारा मानूस आमच्या घरात अजून जन्माले आला नाई. तुही माय गेली तवापासून तू माह्या पदराले लटकून हिंडला. आत्या तू मले भाकर दे, आत्या तू मले कडेवर घे, हेच तुहं बोलनं. आता तू मुंबईले गेला अन् मी "आपण" झाली. माह्या पायाचे चरण झाले. कोन्या परक्या बाईले लिहून राहिला तू?

अन् जो मानूस बरा असते तो मी बरा हाय, मी बरा हाय, असं घोकत नाई. तुले काही तरी झालं हाय. ताप येते का? पोट बिघडलं का? का मुंबईच्या पोट्ट्यांनी तुह्या बोलन्याले हसून हसून तुले घालवून देलं? काही बी असो, मले सरळ सांग. तुह्या बापाले, नत्थु दादाले, मी काही सांगितलं नाई. तो अमरावतीच्या बाजारात जाते तं लोक त्याले थांबवून पुसतात, पोरगा कवा सायब होते म्हनून. तो बिचारा फुगून घरी येते.

आपल्या पुंजारामची सून अकोल्याले माहेरी चालली. तिच्या हाती जवसाची चटनी अन् मेथीचे लाडू धाडले. खाजो. अन् पत्र लिहिशीन तं माह्या चंद्रभानसारखं लिहिजो, नाई तं लिहूच नको.

तुही आत्या, पार्वता

(बाई बोलतील तसेच लिहावे, शुद्ध करू नये, अशी मला सक्त ताकीद आहे. नाइलाज आहे. — देवीदास)


अकोला, भाद्रपद वद्य दशमी

आत्या,

तुझ्यापुढं खोटं टिकत नाही हे मला ठाऊक होतं, तरी लिहिलं. आता खरं सांगतो.

मला अभ्यास झेपत नाही. पाच विषय आहेत. मराठी सोडली तर सगळं इंग्रजीत. शिक्षक बोलतात, त्यांचं एक वाक्य मी मनात मराठीत करतो, तोवर ते चार वाक्यं पुढं गेलेले असतात. आजूबाजूची मुलं माना हलवतात. बाळापूरचा एक वामनराव आहे, तो पुढच्या बाकावर बसतो आणि सगळ्यांत जास्त मान हलवतो. त्याला पाहिलं की वाटायचं, हे सगळं ह्याला घरबसल्या येतं आणि मी उगाच इथं जागा अडवून बसलोय. इतिहास उघडला की भूमिती राहिली म्हणून जीव टांगणीला लागतो. भूमिती उघडली की पदार्थविज्ञान. एका वावरात निंदायला बसावं आणि बाकीच्या चार वावरांत गवत कंबरेएवढं व्हावं, तसं झालं. पुढं पुढं तर एकच पान पुन्हा पुन्हा वाचूनही त्यात काय आहे ते सांगता येईना. दिवसाढवळ्या झोप यायची. जेवण जाईना. वर्गाच्या दारापर्यंत जायचं आणि परत फिरायचं, असं होऊ लागलं. एक दिवस दारातून वळलो तो थेट आगगाडीच्या ठेसनावर गेलो.

पुस्तकांची पेटी इथं बारदानाच्या ढिगाखाली आहे. मी ती उघडलेली नाही. परीक्षेला मी जाणार नाही. खुशालराव भले आहेत. दिवाळीनंतर कायमचं ठेवतो म्हणाले. तिकडं अमेरिकेत लढाई चालू आहे तोवर आपल्या कापसाला मरण नाही, असं सगळे म्हणतात. मी थकलो आत्या. बाबांना तूच सांग. मला तोंड नाही.

चंद्रभान


वलगाव, आश्विन शुद्ध द्वितीया

चंद्रभान बापू,

मास्तर वाचत होते अन् मी रडली. तू तठी एकटा पडून राहिला, जेवला नाई, अन् आमी इकडे बैलाच्या शिंगाले चांदी लावून पोळा केला. माहा जीव तुटला. ते रडनं झालं. आता मी काय म्हनतो ते ऐक.

तुह्या पत्रात तूच लिहिलं की गवत कंबरेएवढं झालं. मंग आपल्याकडं गवत कंबरेएवढं झालं तं काय करतात? इरजिक करतात. हे तू मुंबईले जाऊन इसरला का?

तुहे मामंजी, म्हंजे माहे मालक, वारले त्या साली मी वावरात गेलीच नाई. गेली तवा गवतात कापसाची पऱ्हाटी दिसे ना. मी वावराच्या कडेले, धुऱ्यावर बसली अन् डोक्याले हात लावला. पुंजारामनं मले पाह्यलं. तो म्हने, बाई, अठी बसून काय होते, गावात जाऊन सांग. मले मोठी लाज वाटली. इरजिक अशी हाय की ज्याचं वावर त्यानंच दारोदार जाऊन सांगा लागते, माह्यानं होत नाई, या म्हनून. न सांगता कोनी येत नाई, अन् सांगितल्यावर कोनी राहत नाई. मी गेली. दुसऱ्या दिवशी फटफटलं तं अर्धं गाव धुऱ्यावर उभं. पुंजाराम म्हने, कुठं लागायचं सांग. मी निंदाची पयली पात धरली, कारन पयली पात वावरवाल्याची असते. बाकीचे माह्या मागून लागले. दिवस बुडाच्या आत वावर साफ. मंग मी सगळ्याईले गोवरीवर भाजलेले रोडगे अन् वांग्याची भाजी जेवू घातली. त्या दिवशी मी पयल्यांदा पोटभर जेवली.

तवा तू अकोल्यात फिर. ज्याले ज्याले येते त्याच्या दारी जा अन् सांग, माह्यानं होत नाई, या. तुह्या अभ्यासाची इरजिक कर. धुऱ्यावर बसून राहू नको.

आत्या


अकोला, आश्विन शुद्ध सप्तमी

आत्या,

रागावू नकोस, पण अभ्यास म्हणजे निंदण नाही. माझ्या डोक्यात दुसरा कोणी विळा घेऊन शिरू शकत नाही. परीक्षेच्या खोलीत मी एकटाच बसणार असतो. आणि कोणाच्या दारी जाऊन मी सांगू, की मला येत नाही? वर्षभर मुंबईत मी दुसरं काय केलं, तेवढंच तर झाकलं. इथं वखारीत सगळे मला रावसाहेब म्हणतात. त्यांना काय सांगू?

दसऱ्याचं सोनं इथूनच तुझ्या पायावर ठेवतो. माझं ठरलं आहे. तू आता ह्यात पडू नकोस.

चंद्रभान


वलगाव, आश्विन शुद्ध एकादशी

चि. चंद्रभान यास देवीदास मास्तरांचा आशीर्वाद.

हे पत्र बाईंनी सांगितलेले नाही, माझे मी लिहीत आहे, कारण तुला आधी कळलेले बरे. काल दसऱ्याचे सोने द्यायला बाई घरोघर गेल्या आणि प्रत्येक दारात म्हणाल्या, "माह्या भाच्याची इरजिक हाय, अकोल्याले. तो लाजून राहिला, म्हनून त्याच्या वतीनं मी सांगून राहिली." लोकांनी विचारले, किती वावर आहे? बाई म्हणाल्या, पाच आहेत, बुकाची. काही जण हसले. काहींनी सांगितले की ह्या दिवसांत आपलीच पऱ्हाटी सोडून कोण जाईल. शेवटी दोघे उठले, बाईंचा मुलगा उत्तमराव आणि म्हातारे पुंजाराम. पुंजाराम म्हणाले, इरजिक सांगितल्यावर न जाणे आपल्याला ठाऊक नाही.

मी बाईंना पुष्कळ समजावले की ह्या दोघांना अक्षरओळख नाही, ते जाऊन काय करणार. बाई म्हणाल्या, मास्तर, तुमी येऊन राहिले का नाई तेवढं सांगा. शाळा सोडून मला येता येईना, म्हणून मी पिठाचे पोते गाडीत चढवायला हात लावला. आज सकाळी गाडी निघाली. गाडीत जवारीचे पीठ, वांगी, आणि हसू नकोस, गोवऱ्याही आहेत. अकोल्यास गोवऱ्या मिळतात हे बाईंना पटले नाही.

देवीदास


अकोला, आश्विन वद्य पंचमी

आत्या,

तू हे काय केलंस? भर दुपारी, खुशालराव आणि त्यांचे सगळे कारकून वखारीच्या ओट्यावर बसले असताना तुझी गाडी आत आली. पुंजारामकाका खाली उतरले, फेटा सारखा केला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "चंद्रभान, कुठं लागायचं सांग." कारकुनांना हसू आवरेना. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मी दोघांना मागच्या खोलीत नेलं आणि म्हणालो, आल्या पावली परत जा. दोघं गेले नाहीत. रागावलेही नाहीत. काम केल्याशिवाय इरजिकचा माणूस जेवत नाही म्हणाले, आणि उपाशी बसून राहिले. मी वखारीत जाऊन काम करून आलो तरी तसेच बसलेले. उत्तमदादानं गाडीतल्या वांग्यांना हातही लावला नव्हता.

शेवटी मीच हरलो. बारदान उपसून पेटी बाहेर काढली. उत्तमदादानं पाणी, चूल, माझं धुणं सगळं स्वतःकडं घेतलं. मला हात लावू देत नाही. पुंजारामकाका समोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, वाच. मी वाचलं. ते म्हणाले, आता मले सांग. मी इतिहासातला एक धडा त्यांना आपल्या बोलीत सांगितला. विलायतेत एक राजा होता, त्याचं त्याच्याच सभेशी बिनसलं, लढाई झाली आणि लोकांनी राजाचं मुंडकं उडवलं. काका म्हणाले, "मंग त्याच्या वावराचं काय झालं? पोरगं नव्हतं का त्याले?" पुस्तक पुन्हा उघडलं, पोराचं काय झालं ते शोधलं, आणि त्यांना सांगितलं. आत्या, तो धडा मी मुंबईत कितीदा वाचला होता. ह्या वेळी तो राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तरी डोक्यात होता.

पुढची गोष्ट ऐक. परवा काका न सांगता कुठंतरी गेले. गावात विचारत हिंडले, इंग्रजी शिकलेलं पोट्टं कोणाच्या घरी आहे म्हणून. कोणीतरी एक घर दाखवलं. ते घर निघालं वामनरावच्या मामाचं. तोच बाळापूरचा, पुढच्या बाकावरचा. तो अभ्यासाला म्हणून मामाकडं येऊन राहिला होता, हे मला ठाऊकच नव्हतं. काकांनी त्याच्या अंगणात उभं राहून सांगितलं, आमच्या पोराची इरजिक हाय, येता का? आणि तो आला. मी दारात त्याला पाहिलं आणि हातातलं पुस्तक पाठीमागं लपवलं. तो आत येऊन पोत्यावर बसला. मग म्हणाला, "चंद्रभान, मला तो इतिहास काडीचाही कळत नाही. वर्षभर मी नुसती मान हलवत होतो. तू मागं शांत बसलेला असायचास, मला वाटायचं तुला सगळं येतं." भूमिती मात्र त्याला खरंच येते.

हे पत्र मी तुझ्याशी भांडायला घेतलं होतं. आता उत्तमदादा जेवायला हाक मारतो आहे. बाकी पुन्हा लिहीन.

चंद्रभान


वलगाव, आश्विन वद्य दशमी

चंद्रभान,

तू भांड बापू, खुशाल भांड. तुहं पत्र ऐकून मले इतकं हसू आलं की मास्तरले वाचनं बंद करा लागलं. गोवऱ्या कामी आल्या का नाई ते लिहिलं नाई तू.

आता दोन गोष्टी ध्यानात ठेव. वामन तुह्या वावरात आला, तं तुले त्याच्या वावरात जा लागते. त्याले इतिहास येत नाई, तो तू त्याले सांग. नुसतं घेऊन बसू नको. अन् तो बामनाचं पोट्टं, आपल्या चुलीवरचं खानार नाई. म्हनून त्याले तसंच धाडू नको. पेरू दे, केळं दे. इरजिकचा मानूस उपाशी घरी गेला तं माहं नाव जाते.

नत्थु दादाले मी सांगितलं. तो म्हने, नोकरी चांगली हाय, पोट्टं राहू दे तठीच, एवढ्या तेजीत कोन शिकत बसते. मी म्हनलं, दादा, तेजी आज हाय. तू बाजारात पोराची फुशारकी मारली तवा मले पुसलं होतं का? मंग आता बी गप्प बस. तो उठून बैलाले पानी दाखवाले गेला.

इकडची चिंता करू नको. पऱ्हाटीची बोंडं अजून फुटाची हाय. पुंजाराम अन् उत्तमले घाई नाई. त्याईले ठेवून घे.

आत्या


अकोला, कार्तिक शुद्ध पंचमी

आत्या,

दिवाळी इथंच झाली. पंधरा-वीस दिवस बरे गेले, पण आता सांगायलाच हवं. काल वामनरावनं आणि मी एकमेकांची परीक्षा घ्यायची ठरवली. त्यानं मला भूमितीचे प्रश्न काढून दिले. मी कागद पुढं घेऊन बसलो आणि मुंबईसारखंच झालं. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. कागद कोरा ठेवून मी उठलो आणि वखारीत जाऊन बसलो. वामनराव माझ्या मागं आला होता, मी त्याला भेटलो नाही.

कापसाच्या गाड्या येऊ लागल्या आहेत. खुशालरावांना पौर्णिमेपर्यंत माझं उत्तर हवं आहे. मी राहतो म्हणून सांगणार. तू केलंस तेवढं कोणी करत नाही, पण माझ्यातच दम नाही. ह्या सालची परीक्षा राहू दे. पुढं बघू. काका आणि दादाला परत बोलावून घे. ते माझं ऐकत नाहीत.

चंद्रभान


वलगाव, कार्तिक शुद्ध नवमी

चंद्रभान,

बोलावत नाई.

निंदताना एखाद्याची पात मागं राहते. हात दुखते, इळा बोथट होते, काही बी होते. मंग बाजूचा मानूस आपली पात संपवते अन् याच्या पातीत येते. त्यात कोनाची इज्जत जात नाई. पन ज्याची पात मागं राहिली त्यानंच घरी निघून जावं, असं मी कुठी पाह्यलं नाई. अन् तो वामन तुह्या मागं आला होता ना? तो तुह्या पातीत याले आला होता. तू त्याले तोंड नाई दाखवलं.

नोकरी कर, नको करू, ते मागाहून पाहू. मी तुले पास हो म्हनत नाई. ते माह्या हाती नाई अन् तुह्या बी पुरतं नाई. पन त्या परीक्षेच्या खोलीत जाऊन बसजो. नापास झाला तं नापास होऊन सरळ माह्या घरी ये. मी रोडगे करीन, आपन दोघं जेवू. पन धुऱ्यावरून परत येऊ नको. तेवढं माहं ऐक.

आत्या

(पुढच्या ओळी बाईंना न वाचून दाखवता लिहितो. पऱ्हाटी दिवाळीआधीच फुटली. बाईंनी तुला खोटे कळवले. ह्या तेजीत वेचणीला माणूस मिळत नाही, ज्याचा त्याचा कापूस ज्याला त्याला झाला आहे. उत्तमराव आणि पुंजाराम तिकडे, म्हणून बाई एकट्या वेचतात. सकाळी कापसासाठी कमरेला ओटी बांधून जातात ते दिवस बुडाल्यावर येतात. बोटे बोंडांनी ओरखडून निघाली आहेत. आभाळ दोनदा भरून आले. मी म्हणालो, बाई, तुम्हीच गावाला इरजिक सांगा. त्या म्हणाल्या, "माही इरजिक अकोल्याले चालू हाय. एका घरच्या दोन इरजिकी एका वक्ती होत नाई." तुझ्यावर ओझे टाकायला हे लिहीत नाही. पण मला गप्प राहवेना. — देवीदास)


अकोला, कार्तिक वद्य प्रतिपदा

आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वामनरावच्या मामाच्या घरी गेलो. ह्या खेपी काकांना पाठवलं नाही. मीच गेलो. त्यांच्या अंगणात उभा राहिलो आणि हाक मारली. तो बाहेर आला. मी म्हणालो, "भूमिती मले येत नाही. पहिल्या पानापासून सांग." एवढं बोलायला मला एक वर्ष लागलं. तो आत जाऊन पुस्तक घेऊन आला आणि आम्ही तिथंच ओट्यावर बसलो. त्याच्या मामीनं मला ओट्यावरच पेरू आणून दिले.

खुशालरावांना सांगितलं, परीक्षेला जातो. ते म्हणाले, जागा काही तुझ्यासाठी ठेवत नाही. मी बरं म्हणालो. त्यांनी वाटेसाठी दशम्या दिल्या.

उद्या निघतो. काका आणि दादाही उद्याच वलगावला निघतील. आजवर ते हटत नव्हते. आता पुस्तकांची पेटी गाडीवर चढलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली, तेव्हा कुठं बैल जुंपायला तयार झाले. काका मघाशी विचारत होते, त्या राजाच्या पोराचं पुढं नीट झालं ना.

कागद कोरा ठेवणार नाही. बाकी देवाचं.

चंद्रभान


मुंबई, मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

आत्या,

झाली परीक्षा. आज शेवटचा कागद देला अन् बाहेर येऊन हे लिहून राहिलो. वामन बाजूले बसला हाय. तो म्हनतो, मलाही तुझ्या बोलीत लिहायला शिकव.

पयल्या दिवशी इतिहासाचा कागद हाती आला अन् डोकं तसंच रिकामं झालं. मले वाटलं, आता उठा लागते. दार जवळच होतं. मंग मी मनात पुंजारामकाकाले समोर बसवलं. फेटा, मांडी, सगळं. काका म्हनले, सांग. मी सांगत गेलो अन् हात इंग्रजीत लिहीत गेला. भूमितीत काही सुटलं, काही राहिलं. वामनचं भूमितीत सगळं सुटलं, इतिहासात त्याचं बी काही राहिलं. निकाल कसा लागन माहीत नाई. पौषात कळन. मी पास झालो असं तुले सांगू शकत नाई. पन एकाही दिवशी मी दारातून परत फिरलो नाई. तू तेवढंच मांगितलं होतं.

देवीदास मास्तरवर रागावू नको. त्यानं मले कार्तिकातच सगळं लिहिलं होतं, तुह्या बोटायचं अन् आभाळाचं. ते वाचून मी त्याच दिवशी वलगावले धावत येनार होतो. पेटी बांधली बी होती. मंग मनात आलं, मी परीक्षा टाकून आलो तं तू एकटीनं वेचलेला सगळा कापूस फुकट गेला. म्हनून तुले काही न लिहिता अभ्यासाले बसलो.

आता आमी दोघं उद्या निघतो. तुहं पत्र येईपर्यंत अकोल्याले वामनच्या मामाच्या घरी मुक्काम, तठून थेट तुह्याकडं. वामननं जन्मात कापूस वेचला नाई. त्याले म्हनलं, बोंडं टोचतात. तो म्हने, मी तुझ्या वावरात आलो तेव्हा तुला भूमिती टोचत नव्हती का?

दुसरी वेचनी राहिली असन ना? कुठं लागायचं सांग. पत्र मामाच्या पत्त्यावर धाड.

तुहा चंद्रभान


वलगाव, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

चंद्रभान बापू,

मास्तरसंगं मी दोन दिवस बोलली नाई. आज पत्र लिहाचं होतं म्हनून बोलली.

उत्तम अन् पुंजाराम आले तवापासून तिघं मिळून पयली वेचनी उरकली. दुसरी फुटून राहिली. नत्थु दादाले सांगितलं, पोट्टं परीक्षा देऊन येऊन राहिलं. त्यानं पास का नापास ते नाई पुसलं. म्हने, जेवते का आता नीट? मंग काल तो सोता वावरात येऊन पाहून गेला.

तू पास झाला तं माह्या आनंदाले पार नाई. नापास झाला तं पुढच्या साली परत इरजिक करू, पुंजाराम आतापासूनच तयार हाय. पन दोन्हीतलं काही बी झालं तरी पात चुकत नाई, तेवढं समजून ये. वामनसाठी पेरू काढून ठेवले हाय. रोडगे बी करनार हाय, त्याची मर्जी असन तं खाईन, मी पुसनार नाई.

अन् एक राहिलं. तुहे मामंजी वारले त्या सालानंतर माह्यासाठी मी कोनाच्या दारी गेली नाई. गावाले या साली बी सांगितलं नाई. मले बी लाजच वाटते, तुले वाटली तशी. आता तुले सांगून राहिली. माही इरजिक हाय. माह्यानं एकटीनं होत नाई. ये.

खालच्या धुऱ्याकडून लागू. पयली पात मी धरीन. दुसरी तुही.

आत्या

(शाळेला त्या दिवशी सुटी देत आहे. तिसरी पात माझी. — देवीदास)